घाटी, भायले आणि परप्रांतीय

गोव्यात घाटावरून आलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणतात. तो कानडी बोलतो की मराठी, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मुंबईत ह्याच शब्दाने एके काळी देशावरून गिरण्यांत कामाला आलेल्या मराठी माणसाची हेटाळणी होत असे. कोकणीतला ‘भायलो’ आणि मराठीतला ‘उपरा’ हे शब्द त्याच कुळातले होत. वृत्तपत्रांनी रूढ केलेला ‘परप्रांतीय’ हा शब्द दिसायला सभ्य आहे, एवढाच काय तो फरक. आमच्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात तर ह्या शब्दांची मोठी गंमत होते. एका घरच्या तीन भावांपैकी जो गावी राहिला तो ‘भाषिक अल्पसंख्य’, जो गोव्यात बांधकामावर गेला तो ‘घाटी’, आणि जो मुंबईस गेला तो तेथील मराठी सभांतून ‘आपला सीमावासी बांधव’. माणसे एका रक्ताची. हक्क मात्र ती कोणत्या स्थानकावर उतरली ह्यावर ठरायचे, असा हा न्याय आहे.

सीमाप्रश्नावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या दाव्याच्या गुणावगुणांत येथे शिरावयाचे नाही. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या २००४ च्या मूळ दावा क्रमांक ४ मध्ये ते काम विद्वान वकिलांकडे आहे. येथे प्रश्न निराळा आहे. आमच्या दुःखाचे नाव घेऊन इतरत्र पोट भरायला आलेल्या माणसाला जेव्हा मारले जाते, तेव्हा आमचे कर्तव्य काय? आणि सरकार व पक्ष सोडून ज्या आमच्या स्वतःच्या संस्था आहेत, म्हणजे देवस्थाने, वाचनालये, शिक्षणमंडळे, पतपेढ्या, वकीलसंघ, त्यांच्या हातून ह्या कामी काय झाले व काय होऊ शकेल?

आरंभ आपल्या देवांपासूनच करावा लागेल. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, साष्टी व बार्देश येथील देवळे पाडली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. त्या धामधुमीत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. जुवारी नदी ओलांडून हे देव ज्या अंत्रुज महालात आले, तो महाल त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या अंमलाखाली होता. ही गोष्ट आपल्या स्थलपुराणांत भक्तिभावाने सांगितली जाते. परंतु तिची एक बाजू सांगायची राहून जाते. प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ ही काही ओसाड राने नव्हती. तेथे माणसे होती, त्यांची ग्रामदैवते होती, त्यांची शेते होती. त्यांनी ‘भायल्या’ देवांना जागा दिली. तिकडे दक्षिणेत कोचीच्या राजाने आपल्या लोकांना आश्रय दिला, आणि शे-सव्वाशे वर्षांच्या आत, १६७८ पासून छापल्या जाऊ लागलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ह्या प्रचंड वनस्पतिग्रंथात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र झळकले. ज्यांच्या मूळ भूमीत १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने कोकणी बोलणे तीन वर्षांत बंद व्हावे असा हुकूम काढला, त्यांची भाषा परक्या राजाच्या आश्रयाखाली सन्मानाने छापली गेली होती.

आपली अग्रशाळा हीदेखील त्याच अनुभवातून उभी राहिलेली संस्था मानायला हरकत नाही. दूर फेकले गेलेले कुळावी वर्षातून एकदा देवापाशी येणार, त्यांना डोके टेकायला जागा हवी. (आपल्याच देवस्थानांत महाजन कोण व बिगर-महाजन कोण ह्यावरून जे दावे चालतात, त्यांविषयी येथे मौन बरे. वकिलाने ते दावे चालविले असतील तर अधिकच बरे.)

दुसरे स्थलांतर मुंबईचे. कारवार, कुमठा, मंगळूर, सावंतवाडी, बेळगाव येथून जे लोक तेथे गेले त्यांना ना जात विचारून कोणी भाड्याने खोली देत होते, ना जामीन दिल्यावाचून कर्ज. श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांनी १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल सहकारी पेढी काढली. १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. १९१८ मध्ये सारस्वत बँकेचा आरंभ झाला. ह्या संस्थांच्या इतिहासग्रंथांतून त्यांना ज्ञातिकार्य म्हणून गौरविले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कायद्याच्या भाषेत त्या स्थलांतरितांच्या स्वसंरक्षणाच्या संस्था होत्या. पु. ल. देशपांडे ह्यांचे आजोबा, ‘ऋग्वेदी’ ह्या नावाने लिहिणारे वामन मंगेश दुभाषी, मूळ कारवारकडचे; नातू जोगेश्वरीच्या सारस्वत वसाहतीत व पार्ल्यात वाढला, आणि पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवावयासही आला. ‘दुभाषी’ हे आडनाव ह्या साऱ्या किनारपट्टीचे आडनाव म्हणून शोभले असते.

आता बेळगावाकडे वळू. १९२९ ह्या एकाच वर्षी ह्या गावात शिवराम महादेव परांजपे ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्यसंमेलन भरले आणि मास्ती वेंकटेश अय्यंगार ह्यांच्या अध्यक्षतेखाली कन्नड साहित्यसंमेलनही भरले. त्याआधी पाच वर्षे, १९२४ मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या काँग्रेसच्या मांडवाची उभारणी गंगाधरराव देशपांड्यांनी केली. घरी मराठी बोलणाऱ्या ह्या पुढाऱ्याला लोक ‘कर्नाटकसिंह’ म्हणत. एका गावाला दोन भाषा पेलत होत्या. पुढे १९४६ च्या बेळगाव संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ च्या जानेवारीत बेळगाव व निपाणी येथे रक्त सांडले, आणि १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात हुतात्म्यांच्या स्मरणाचा ठरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये सेनापती बापटांच्या उपोषणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन ह्यांच्या आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवावे व निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावे असे सुचविले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. निपाणी होती तेथेच राहिली.

ह्यानंतर जे झाले त्याचे स्मरण आमच्या सभांतून होत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. १९ जून १९६६ रोजी मुंबईत शिवसेना स्थापन झाली. तिच्या आधीपासून ‘मार्मिक’ साप्ताहिकातून कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. मराठी तरुणांच्या बेकारीचे दुःख खोटे नव्हते. कारकुनीच्या जागांसाठी भटकणाऱ्या पदवीधराचा राग समजण्यासारखा होता. पण लोकक्षोभावर वाढणाऱ्या उजव्या वळणाच्या राजकारणाची रीत सर्व देशांत सारखीच दिसते. ते दुःख खरे घेते आणि त्याचे कारण मात्र हाताशी सापडेल अशा दुबळ्या माणसात दाखविते. कापडगिरणीच्या मालकाला, भरतीच्या नियमाला किंवा दिल्लीच्या मंत्र्याला जाब विचारणे अवघड. कोपऱ्यावरच्या लुंगीवाल्या हॉटेलवाल्याच्या काचा फोडणे सोपे. १९६७ च्या निवडणुकीत ईशान्य मुंबईतून उभे असलेल्या कृष्ण मेनन ह्यांच्याविरुद्ध ते बाहेरचे आहेत हा प्रचार जोरात झाला व ते पडले. मात्र त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईच्या मतदारांनी सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या स. का. पाटलांसारख्या बलाढ्य पुढाऱ्याला पाडून मंगळूरहून आलेल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या जॉर्ज फर्नांडिसांना निवडून दिले. टॅक्सीवाले, महापालिकेचे कामगार, हॉटेलांतील पोरे ह्यांच्या संघटना त्यांनी बांधल्या होत्या, आणि त्या संघटनांत सदस्याची भाषा विचारण्याचे कारण नव्हते. मुंबईत दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या होत्या, हे ह्यावरून दिसते.

१९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नाच्या नावाने मुंबई पेटली. उपपंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांची मोटार माहीमला न थांबता गेली, आणि त्यानंतरच्या दंगलीत व गोळीबारांत पन्नासांहून अधिक माणसे मेली. दाक्षिणात्यांची दुकाने व उपाहारगृहे फोडली गेली. आता ह्यातील विपर्यास पाहा. ज्या उडुपी-मंगळूरच्या माणसाचे दुकान बेळगावासाठी फुटले, त्याचा दक्षिण कानडा जिल्हा १९५६ पर्यंत मद्रासकडे होता. ज्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी तोही गेला. त्याने आमचे काहीच नेले नव्हते. त्यांतील कित्येकांची घरची भाषा कोकणी, कित्येकांचे कुलदैवत जुवारीपलीकडून आलेले. माटुंग्याला १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढणाऱ्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात जे पाहुणे जेवत, त्यांत मराठी कारकून काही थोडे नव्हते. बेळगावच्या मराठी माणसाला त्या दंगलीतून एक गाव मिळाले नाही, एक शाळा मिळाली नाही. उलट कर्नाटकातील तशाच वृत्तीच्या मंडळींना बोट दाखविण्यास एक जागा मिळाली.

आणि त्यांनी ते दाखविलेही. १९८२ मध्ये गोकाक अहवालावरून कर्नाटकात मोठे आंदोलन झाले. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या चळवळीत बेळगाव परिसरात गोळीबार होऊन माणसे मेली. २००५ च्या नोव्हेंबरात, महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला म्हणून बेळगावच्या महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासले गेले व पुढे महापालिकाच बरखास्त झाली. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. आम्हांला हे सारे मुखोद्गत आहे. माटुंग्याच्या माणसालाही १९६९ तितकेच मुखोद्गत असेल, ही गोष्ट आम्ही ध्यानात घेत नाही.

ह्या काळातील एका विजयाची मात्र आमच्याकडे फारशी चर्चा होत नाही, कारण त्यात मिरवणूक नव्हती. माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा ठरविणारा १९८२ चा सरकारी आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८९ मध्ये समानतेच्या व अल्पसंख्यांच्या शैक्षणिक हक्कांच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. त्या खटल्यातील अर्जदार होती ‘भाषिक अल्पसंख्य संरक्षण समिती’. तिच्या नावात कोणत्याही एका भाषेचे नाव नाही. दावा ज्या कलमांवर उभा होता त्या १४, २९ व ३० ह्या कलमांतही नाही.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून ह्याच मुद्द्यावर माझा भर आहे. घटनेने भारतात कोठेही राहण्याचा व व्यवसाय करण्याचा जो हक्क १९ व्या कलमात दिला, त्यावर मुंबईचा उडुपीकर उभा आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे ३५०-अ आणि भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे ३५०-ब ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. त्यांवर बेळगावचा मराठी पालक उभा आहे. राज्यपुनर्रचना आयोगाने भाषावार राज्ये सुचवितानाच रहिवासाच्या अटींचा धोका ओळखला होता, आणि १९५७ मध्ये संसदेने सरकारी नोकरीतील अशा अटी काही प्रदेशांचा अपवाद करून काढून टाकणारा कायदा केला. मुंबईच्या दंगलीनंतर महिन्या-दीड महिन्यातच, मार्च १९६९ मध्ये, तेलंगणातील ‘मुलकी’ नियमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या एका भागापुरती रहिवासाची अट घटनाबाह्य ठरविली. पुढे तेथील चळवळींमुळे ३७१-ड हे निराळे कलम घालावे लागले, हे सांगितले नाही तर अर्धसत्य होईल. २००२ मध्ये राजस्थानच्या शिक्षकभरतीत स्थानिकांना दिलेले जादा गुण न्यायालयाने नाकारले. २०२३ च्या नोव्हेंबरात हरियाणाचा खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने रद्द केला. २०२४ च्या जुलैत कर्नाटक मंत्रिमंडळाने तसेच विधेयक संमत केले आणि उद्योगधंद्यांतून ओरड होताच स्थगित ठेवले. ओरड उद्योगपतींनी केली. ज्या सीमाभागाचे तरुण कामासाठी चारी दिशांना जातात, तेथील संस्थांकडून एखादा अभ्यासपूर्ण ठराव निघायला हवा होता.

निर्णय आपल्याला रुचतील तेवढेच सांगायचे, ही वकिली झाली, इतिहास नव्हे. २००४ च्या उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यात गुजराती अल्पसंख्यांच्या इंग्रजी शाळांत मराठी विषय शिकविण्याची महाराष्ट्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. आम्हांला तेव्हा आनंद झाला. पण मुंबईतील गुजराती मुलाने मराठी शिकावे हे न्याय्य असेल, तर बेळगावच्या मराठी मुलाने कन्नड शिकण्यास कां-कूं करणे शोभत नाही. शिकावी, उत्तम शिकावी, ज्या द. रा. बेंद्र्यांची मातृभाषा मराठी होती ते कन्नडचे महाकवी झाले. मराठी शाळेला शिक्षक मिळावा, सरकारी सूचना मराठीतही निघावी, ही मागणी त्यामुळे कमकुवत होत नाही, बळकटच होते. तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात असे केंद्र सरकारचे १९५६ चे निवेदनच आहे.

निपाणीने तर ह्या बाबतीत एक धडा स्वतःच घालून दिलेला आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. त्या वस्तीला ‘आंदोलननगर’ नाव पडले. पुढारी शरद जोशी, पुणे जिल्ह्यातील आंबेठाणचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या दृष्टीने उघडउघड बाहेरचे. बसलेल्यांत मराठी होते, कानडी होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला व शेतकरी धारातीर्थी पडले. मेलेल्यांची भाषा कोणती होती, हे मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. त्याच गावातील तंबाखूच्या वखारींत व विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांनी पुढे आपली संघटना केली, तीही ह्याच मातीत.

ही माती आजही परक्या माणसाच्या श्रमावर चालते. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि निपाणीच्या हालसिद्धनाथ, संकेश्वरच्या हिरण्यकेशी अशा कारखान्यांच्या शिवारांत पालं पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच अंगावर. ही माणसे मराठीच बोलतात, तरी सीमाभागातील मराठी माणसांच्या ठरावांत त्यांचा उल्लेख मला क्वचितच आढळला. त्यांना येथे मत नाही, त्यांच्या मुलांना हंगामात शाळा नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने १९७९ मध्ये कायदा केला. मुकादमाने तो वाचला असावा असा पुरावा उपलब्ध नाही. दुसऱ्या बाजूस आमच्याच जिल्ह्यातून आणि विजापूर-बागलकोटकडून गोव्यास जाणारा मजूर आहे. चोर्ल्याच्या घाटाने बेळगावची भाजी व दूध रोज गोव्यात उतरते, त्याचे स्वागत होते. त्याच वाटेने उतरणारा माणूस ‘भायलो’ ठरतो.

डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या नाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ, मराठी येत नाही म्हणणाऱ्या कर्नाटकाच्या वाहकाला मारहाण झाली. पाठोपाठ चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळे फासले गेले. दोन्ही राज्यांच्या गाड्या काही काळ बंद राहिल्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे कोल्हापूरकडचे भाविक आणि अंबाबाईला येणारे कानडी भाविक ह्याच गाड्यांतून जातात. ज्या पंढरीच्या देवाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले, त्याच्या वारकऱ्यांना हे वेगळे सांगावे लागू नये.

मग संस्थांनी करावयाचे काय? मोर्चे काढणारे पुष्कळ आहेत. जन्मस्थान, निवास व भाषा ह्यांवरून वैर पसरविणे हा गुन्हा पूर्वी दंडसंहितेच्या १५३-अ कलमात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या १९६ व्या कलमात आहे. मार खाणारा चालक, वाहक किंवा मजूर परगावचा असतो. फिर्याद देऊन तो निघून जातो आणि साक्षीदार पुढे येत नाही. त्याच्याबरोबर ठाण्यात जाणारा गावातला माणूस हवा, आणि तो मराठी वाहनचालकासाठी जसा जाईल तसाच कानडी वाहकासाठीही गेला पाहिजे. वकीलसंघाने अशा फिर्यादींची दोन वकिलांवर, एक मराठी व एक कन्नड बोलणारा, जबाबदारी टाकावी. वाचनालयांनी सरकारी सूचनांची भाषांतरे भिंतीवर लावावीत. देवस्थानांच्या अग्रशाळा व सभागृहे वर्षातील बरेच दिवस रिकामी असतात; ऊसतोडीच्या मुलांचा वर्ग तेथे दुपारचा चालू शकेल, आणि त्याच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस मजुरांचे कागद पाहणारा माणूस बसू शकेल. मुकादमाने किती उचल दिली व किती फेडली, ह्याची दोन भाषांतील एक पानाची पावती छापून घेण्यास फार खर्च येत नाही. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात. नवरात्राच्या वर्गणीची बैठक बहुतेक देवस्थानांत श्रावणातच होते. हा विषय त्याच बैठकीच्या पत्रिकेवर घेता येईल.